दुधाची नोंद दूरच्या दप्तरात



गावच्या दूध संस्थेत आपण रोज दूध घालता. काट्यावर वजन होते, फॅट काढली जाते आणि यंत्रातून एक लहानशी पावती बाहेर येते. तिच्यावर सभासद क्रमांक, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम एवढे सारे छापलेले असते. पूर्वी हीच माहिती संस्थेचे सचिव जाड वहीत उतरवीत आणि वही संस्थेच्या कपाटात राही. शंका आली की माणूस उठून जाई, पान उलटी, बोट ठेवून दाखवी. आता पुष्कळ ठिकाणी ती वही गावात राहिलेली नाही. केंद्रातला संगणक ती नोंद मोबाइलच्या जाळ्यातून दूर कुठेतरी पाठवून देतो. ती तिथे पोचली, आपल्याच नावावर पोचली आणि एकदाच पोचली, तर दहा दिवसांचे बिल बरोबर निघते. यातले एक जरी चुकले, तरी घरात येणारे पैसे चुकतात. आणि बोट ठेवायला पान नसते.

तेव्हा ही नोंद तयार कशी होते, कोडमधून ती लिहिली कशी जाते आणि ती लिहिताना कोणती गोष्ट गावातल्या माणसालाच ठरवावी लागते, एवढ्याविषयी आज बोलू.

प्रथम त्या 'क्लाउड' शब्दाचे पाहू. क्लाउड म्हणजे ढग. पण यात आकाशातले काही नाही, बरे का. इंजिनिअर मंडळी आराखडा काढताना दूरच्या जाळ्याच्या जागी ढगाचे चित्र काढीत, त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात त्या भक्कम इमारती असतात. आत रांगेने संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे, वीज गेली तर चालू होणारे जनरेटर. आपण उदाहरणासाठी एकच सेवा घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. अ‍ॅमेझॉन कंपनीची 'डायनॅमोडीबी' नावाची डेटाबेस सेवा आहे. ती २०१२ साली सुरू झाली. कंपनीने आपल्या केंद्रांचा मुंबई विभाग २०१६ साली उघडला आणि हैदराबादचा २०२२ साली. मुंबई विभाग निवडला, तर करवीर तालुक्यातल्या म्हशीच्या दुधाची नोंद मुंबईकडे जाते, आणि तिथे तिच्या तीन प्रती एकमेकींपासून दूर असलेल्या वेगवेगळ्या केंद्रांत ठेवल्या जातात. एका इमारतीत पाणी शिरले तरी नोंद शाबूत राहावी, हा हेतू.

आता ही नोंद लिहायची कशी? तिथे कारकून बसलेला नाही. केंद्रातल्या संगणकावरचा प्रोग्रॅम त्या दूरच्या दप्तराला हुकूम पाठवतो. त्या हुकुमाचे नाव 'पुट आयटेम', म्हणजे 'ही बाब ठेव'. साध्या मराठीत तो हुकूम असा: "दूधनोंद नावाच्या तक्त्यात ही नोंद ठेव. संस्था १२, सभासद ४७. तारीख १० मार्च २०२५. वेळ सकाळ. जनावर म्हैस. लिटर ८.४. फॅट ६.५." एवढे पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची. सगळे ठीक झाले की उत्तरात २०० हा आकडा येतो. पोस्टाच्या रजिस्टर पत्राची पोचपावती यावी, तसा हा आकडा. तो येईपर्यंत नोंद पोचली असे धरू नये.

शिक्षकमित्रहो, ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. मूल शाळेत दाखल झाले की जनरल रजिस्टरात त्याला एक क्रमांक मिळतो. 'पाटील संभाजी' नावाची तीन मुले शाळेत असली तरी गोंधळ होत नाही, कारण क्रमांक वेगळे. मूल शाळा सोडून गेले, तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीलाही अशीच एक ओळख लागते. इंग्रजीत तिला 'की' म्हणतात. आपण तिला नोंदीची खूण म्हणू. डायनॅमोडीबीत ही खूण दोन भागांची करता येते. पहिला भाग नोंद कोणत्या कप्प्यात जाणार ते ठरवतो. दुसरा भाग त्या कप्प्यात ती कोणत्या क्रमाने लागणार ते ठरवतो. आणि एका खुणेची नोंद एकच. हा नियम काही केल्या बदलत नाही.

सगळे शहाणपण लागते ते ही खूण ठरवताना. आणि माझे मत असे की, ती ठरवताना कोड लिहिणाऱ्याच्या शेजारी संस्थेचे सचिव बसलेच पाहिजेत.

का, ते सांगतो. समजा, शहरातल्या एखाद्या हुशार तरुणाने विचार केला: माणूस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दूध घालतो. तेव्हा सभासद क्रमांक, तारीख आणि वेळ ही झाली खूण. कागदावर हे अगदी बरोबर दिसते. पण आपल्याकडे एकाच गोठ्यात गाय आणि म्हैस दोन्ही असतात. सत्तेचाळीस नंबरचा सभासद सकाळी आधी गाईच्या दुधाची किटली काट्यावर ठेवतो, मग म्हशीची. पहिली नोंद गेली. दुसरी नोंद त्याच खुणेने गेली. आता दप्तर काय करते? तक्रार करत नाही. 'ही बाब ठेव' या हुकुमाचा मूळ अर्थच असा, की या खुणेची बाब आधी असेल तर ती काढून ही तिच्या जागी ठेव. गाईचे दूध पुसले गेले. दोन्ही वेळा उत्तर २०० च आले. पावत्याही दोन छापल्या गेल्या. चूक दिसणार ती बिलाच्या दिवशी, आणि तीही ज्याने पावत्या जपून ठेवल्या त्यालाच.

हे नुकसान नुसत्या दुधाच्या किमतीचे नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, आणि ते थेट बँकेच्या खात्यात. अनुदान गाईच्या दुधाला होते, म्हशीच्या नव्हे. असे काही आले की शासन गोठ्यात येऊन पाहत नाही, नोंद पाहते. गाईच्या नोंदीवर म्हशीची नोंद बसली असेल, तर त्या घरी गाय असून नसल्यासारखी.

म्हणून खुणेत जनावर हवे. आणि तेवढ्यानेही भागत नाही. कोणाच्या म्हशी पाच-सहा असतात, दूध दोन किटल्यांत येते, दोन्हींचे माप वेगळे होते. म्हणून किटलीचा क्रमांकही हवा. तेव्हा खूण अशी: पहिल्या भागात 'संस्था १२, सभासद ४७', आणि दुसऱ्या भागात '२०२५-०३-१०/१/म्हैस/१'. मधला १ म्हणजे सकाळ, शेवटचा १ म्हणजे पहिली किटली. हे सगळे कोणत्या पुस्तकात सापडणार? काट्याजवळ उभ्या राहणाऱ्यालाच ते ठाऊक.

तारीख उलटी का लिहिली, असे कोणी विचारील. यंत्र ही खूण आकडा म्हणून नव्हे, अक्षरे म्हणून लावते, शब्दकोशात शब्द लागतात तशी. दिवस आधी लिहिला, तर १० तारीख ५ तारखेच्या आधी लागते, कारण १ हे ५ च्या आधी. वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि महिना-दिवसाला नेहमी दोन आकडे, असे लिहिले की क्रम आपोआप बरोबर येतो. मुलांना फळ्यावर करून दाखवावे असे हे गणित आहे. तसेच, मराठी आकड्यांत टाइप केलेला ४७ आणि इंग्रजी आकड्यांत टाइप केलेला ४७ हे यंत्राच्या लेखी दोन निराळे सभासद आहेत. ४७ आणि ०४७ हेही निराळे. कोणता तरी एक प्रकार ठरवून सगळ्या संस्थेत तोच पाळावा लागतो.

याच तारखेतून बिलाचा एक सापळा निघतो. दहा दिवसांच्या नोंदी काढताना प्रोग्रॅम म्हणतो, '२०२५-०३-०१ पासून २०२५-०३-१० पर्यंतच्या दे.' वाचायला सरळ. पण शब्दकोशात 'घर' च्या नंतर 'घरकाम' येतो की नाही? तसेच नुसत्या '२०२५-०३-१०' च्या नंतर '२०२५-०३-१०/१/म्हैस/१' येते. म्हणजे दहा तारखेची एकही नोंद त्या हद्दीत बसत नाही. नऊच दिवसांचे बिल निघते, आणि बेरीज यंत्राने केली म्हणून कोणी ती पुन्हा करत नाही. उपाय सोपा आहे: वरची हद्द '२०२५-०३-११' अशी द्यावी. दहाव्या दिवसाचे सगळे दूध आत येते. अकराव्या दिवसाच्या नोंदींना मागे शेपूट असल्यामुळे त्या बाहेरच राहतात.

खुणेच्या पहिल्या भागात नुसती तारीख का घालू नये, तेही सांगून टाकतो. कप्पा त्या भागावरून ठरतो. सकाळी साडेसहाला जिल्ह्यातल्या सगळ्या संस्था दूध घेत असतात. सगळ्यांच्या नोंदी एकाच तारखेच्या कप्प्याकडे धावल्या, तर एस. टी. स्टँडवर एकच तिकीट खिडकी उघडी असल्यासारखी गर्दी होते. या सेवेत एका कप्प्याला सेकंदाला साधारण १,००० लहान नोंदी लिहिण्याची मर्यादा आहे. लहान म्हणजे १ किलोबाइटपर्यंतच्या. सभासदावरून कप्पे पाडले की गर्दी आपोआप वाटली जाते.

आता दुसऱ्या मोठ्या अडचणीकडे येऊ. आपल्याकडे रेंज जाते, वीज जाते. नोंद पाठवली, आणि उत्तर येण्याआधीच लाइन तुटली. झाले काय? नोंद वाटेतच राहिली असेल. किंवा नोंद पोचली आणि उत्तर वाटेत राहिले असेल. केंद्रात बसलेल्या माणसाला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. प्रोग्रॅम मग तीच नोंद पुन्हा पाठवतो. एवढेच नव्हे, कोड लिहिणाऱ्याने काही सांगितले नसले, तरी या सेवेची तयार अवजारे आपण होऊन पुन्हा पाठवून पाहतात. हे योग्यच आहे. पण त्याचे परिणाम खुणेवर अवलंबून असतात.

काही जण खूण ठरवण्याचा त्रास नको म्हणून प्रत्येक पाठवणीला यंत्राकडून एखादा यदृच्छ आकडा घेतात. मग पुन्हा पाठवलेली नोंद नवी म्हणून बसते, आणि ८.४ लिटरचे १६.८ होते. सभासद पहिल्यांदा खूश होतो. पुढच्या बिलातून कपात झाली की भांडण. आणखी काही जण नोंदी न ठेवता नुसती बेरीज ठेवतात: '४७ च्या खात्यात ८.४ मिळव.' हा हुकूम दोनदा गेला की तो दोनदाच मिळवला जातो, आणि कोणते ८.४ जास्तीचे ते नंतर शोधताही येत नाही. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनी रोजकीर्द आणि खतावणी वेगळ्या ठेवल्या, त्यात हाच विचार होता. आधी कीर्द, तिच्यावरून खतावणी. संगणक आला म्हणून कीर्द टाकून द्यायचे काहीच कारण नाही.

योग्य रीत अशी. किटली काट्यावर आली, त्याच वेळी केंद्रातल्या संगणकावर नोंदीची पूर्ण खूण ठरवावी, किटलीच्या क्रमांकासकट, आणि ती तिथेच लिहून ठेवावी. मग पाठवावी. दहा वेळा पाठवावी लागली, तरी खूण तीच राहिली पाहिजे. आणि हुकुमाला एक अट जोडावी: "या खुणेची नोंद आधी नसेल तरच ठेव." डायनॅमोडीबीत अशी अट घालायची सोय आहे. आधीची नोंद असेल तर दप्तर 'अट जुळली नाही' असे उत्तर देते आणि जुन्या नोंदीला हात लावत नाही.

हे उत्तर आले की पुष्कळ प्रोग्रॅम घाबरून 'चूक, चूक' असे लाल अक्षरांत दाखवतात, आणि सचिवही गडबडतात. त्यात घाबरण्यासारखे नाही. त्या खुणेची नोंद परत मागवून घ्यावी आणि पाठवलेल्या नोंदीशी ताडून पाहावी. लिटर, फॅट सगळे जुळले, तर मघाशी पाठवलेली नोंद पोचली होती, काम झाले. जुळले नाही, तर एका खुणेवर दोन वेगळ्या किटल्या आल्या आहेत, आणि तिथे माणसाने लक्ष घातले पाहिजे. ही परत मागवणी करताना मात्र 'पक्के वाचन' मागावे लागते. साधे वाचन स्वस्त असते, निम्म्या खर्चात होते, पण ते क्षणभर जुनी स्थिती दाखवू शकते. नुकतीच लिहिलेली नोंद त्यात न दिसण्याचा संभव असतो. दर महिन्याच्या तक्त्यासाठी साधे वाचन चालेल. ताडून पाहण्यासाठी चालणार नाही.

आकड्यांविषयी थोडे. आपण दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू लागलो, तर ०.३३३ करत करत कधी संपत नाही. यंत्र दोनच आकड्यांत मोजते, आणि त्याला एक दशांशाची तीच अडचण येते. म्हणून काही ठिकाणी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. फॅट आणि दर यांच्या हिशेबात हे नको. पायथन भाषेतून या डेटाबेसला असा तरंगता अपूर्णांक पाठवला, तर तिथले अवजार तो घेतच नाही. 'डेसिमल' नावाच्या नेमक्या प्रकारात आणून दे, असे सांगते. नवख्या माणसाला हा खोडा वाटतो. मला त्या अवजाराचे कौतुक वाटते.

आता एक गैरसमज. तीन प्रती आहेत, म्हणजे नोंद सुरक्षित, असे लोक म्हणतात. इमारतीला आग लागली तर ते खरे. पण प्रोग्रॅमनेच 'पुसून टाक' म्हटले, तर तिन्ही प्रती आज्ञाधारकपणे पुसल्या जातात. त्यासाठी निराळी सोय आहे: मागच्या ३५ दिवसांपर्यंतच्या कोणत्याही क्षणी तक्ता जसा होता, तसा पुन्हा उभा करता येतो. पण ती सोय आपण होऊन चालू नसते, मागून घ्यावी लागते, आणि तिला पैसे पडतात. संस्थेने ते द्यावेत. पशुखाद्याच्या पोत्यांवर पत्रा घालतो, तसा हा खर्च समजावा.

चूक दुरुस्त कशी करायची? फॅट ६.५ च्या जागी ५.६ पडली, असे होणारच. शाळेच्या रजिस्टरात आपण खाडाखोड करत नाही. चुकीवर एकच रेघ, वर बरोबरचा मजकूर, बाजूला सही. इथेही मूळ नोंद बदलू नये. दुरुस्तीची वेगळी नोंद लिहावी: मूळ नोंदीची खूण, जुना आकडा, नवा आकडा, कारण, आणि कोणी केली. बिल काढताना दोन्ही विचारात घ्यावे. त्यासाठी केंद्रातल्या प्रोग्रॅमला दप्तराच्या ज्या परवानग्या दिल्या जातात, त्यात 'ठेव' आणि 'वाच' एवढ्याच असाव्यात, 'पुस' नसावी. आणि 'ठेव' ला ती 'आधी नसेल तरच' ही अट जोडलेली आहे ना, याची खात्री करून घ्यावी, नाहीतर 'ठेव' म्हणूनही पुसता येते हे आपण पाहिलेच. दप्तराची गुप्त किल्ली प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहून ठेवण्याची खोड काहींना असते. तो मजकूर दहा जणांच्या हाती जातो. दाराला कुलूप घालून किल्ली कडीलाच अडकवावी, त्यातला प्रकार. आणि हो, दुधाच्या नोंदीत आधार क्रमांक घालू नये. दूध मोजायला तो लागत नाही.

शिक्षकांना वर्गात हे करून दाखवायला संगणकसुद्धा नको. एका मुलाला दप्तर करा, दुसऱ्याला केंद्र, तिसऱ्याला मधली लाइन. केंद्राने चिठ्ठी लिहायची, लाइनने ती पोचवायची, आणि दप्तराने वहीत उतरवून 'पोचली' अशी चिठ्ठी परत द्यायची. लाइन झालेल्या मुलाला मात्र एक मोकळीक द्या: कोणतीही चिठ्ठी, जातानाची किंवा येतानाची, त्याने मनाला येईल तेव्हा खिशात घालावी. उत्तर आले नाही की केंद्राने चिठ्ठी पुन्हा पाठवायची. दहा चिठ्ठ्यांनंतर वही मोजा. पहिल्यांदा चिठ्ठीवर खूण न घालता खेळा, मग खूण घालून. सातवीतली मुले सुद्धा फरक सांगतील.

आणि सभासदांनी काय करावे? नवा प्रोग्रॅम बसवायला माणूस आला, की सचिवांना सांगून एक चाचणी मागावी. एक नोंद पाठवायची, आणि उत्तर यायच्या आत इंटरनेटची वायर काढायची. पाच मिनिटांनी ती परत लावायची. मग दप्तरातल्या त्या सकाळच्या नोंदी पडद्यावर मागवून मोजायच्या. एकच निघाली, तर एकाच सभासदाच्या नावावर आधी गाईची आणि मग म्हशीची किटली काट्यावर ठेवून पाहावी.